कडू कंद

"म्वालिमू, बाडो," झवादी म्हणाली आणि तिनं ताटली पुढे सरकवली.

म्वालिमू म्हणजे शाळेतल्या बाई. बाडो म्हणजे अजून नाही. एवढं स्वाहिली मला तीन आठवड्यांत कळू लागलं होतं. अजून नाही म्हणजे अजून शिजलं नाही, असा अर्थ मी लावला. पातेल्यातला एक तुकडा काढून बोटांनी दाबून पाहिला. चांगला मऊ होता. तरी पोरीच्या समाधानासाठी सगळं परत चुलीवर चढवलं, आणखी वीसेक मिनिटं उकडू दिलं आणि पुन्हा वाढलं.

अठरा मुलं सिमेंटच्या ओट्यावर दोन रांगांत बसली होती. सगळी आपापल्या ताटलीकडे बघत होती, पण कुणी हात लावत नव्हतं. मी प्रार्थना म्हटली, मुलं आमेन म्हणाली, तरी हात मांडीवरच.

"खा," मी म्हणाले.

झवादीनं पुन्हा काही सांगायला तोंड उघडलं. आठ वर्षांची, काडीसारखी पोरगी. वर्गात नाकासमोर बसायची आणि माझं स्वाहिली चुकलं की ओठ दाबून हसायची. मी कमरेवर हात ठेवले आणि आमच्या संगमनेरच्या हेडबाई म्हणायच्या त्याच सुरात म्हणाले, "जेवताना बोलायचं नाही." हे वाक्य मी पुस्तकातून पाठ केलं होतं. अगदी बिनचूक आलं. ती गप्प झाली. मग सगळ्यांत पहिला घास तिनंच घेतला, आणि ते बघून बाकीची मुलं जेवू लागली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माझं नाव सुगंधा मकासरे. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, आई शिवणकाम शिकवायची. मी डी.एड. करून चार वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. आमच्या चर्चच्या मंडळीला दक्षिण टांझानियातून पत्र आलं, की लिटेंगा नावाच्या गावी मुलांचं वसतिगृह आणि लहानशी शाळा आहे, दोन वर्षांसाठी कुणी स्वयंसेवक मिळेल का. मी हात वर केला. निरोपाच्या भक्तीला देऊळ भरलं होतं. मला हार घातले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि मंडळीतले एक वडीलधारे उठून म्हणाले, "आमच्या सुगंधाला भाषेचं दान आहे. चार महिन्यांत स्वाहिली शिकली पोर."

चार महिन्यांत मी एक पुस्तक पाठ केलं होतं. लिटेंग्यात उतरले त्या पहिल्याच संध्याकाळी कळलं, की माणसं पुस्तकासारखी बोलत नाहीत. शब्द एकमेकांत घुसलेले, अर्धे गिळलेले, मधूनच गावची वेगळी बोली. "कळलं नाही" म्हटलं की मुलं खिदळायची. मोठी माणसं हसायची नाहीत, पण तेच वाक्य हळू, मोठ्यानं बोलायची, जणू मी बहिरी आहे. चार-पाच दिवसांत मी एक युक्ती शोधली. समोरच्याचं बोलणं संपलं की मान हलवायची आणि "न्दियो, न्दियो" म्हणायचं. हो, हो. समोरचा खूश व्हायचा. घरी पत्र लिहिलं, "आता भाषा बरीच येऊ लागली आहे."

त्या दिवशी मी एकटी होते. वसतिगृह चालवणारे पाद्री एलिया चिलुंबा आणि त्यांची बायको दोघं जीप घेऊन जिल्ह्याच्या गावी गेले होते, पीठ आणि तांदूळ आणायला. दुसऱ्या दिवशी येणार होते. स्वयंपाकीण ममा फेलिस्ता, पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई, सकाळीच निघून गेली होती. तिची मुलगी पलीकडच्या गावात बाळंतपणाला आली होती आणि कळा सुरू झाल्याचा निरोप घेऊन कुणी पहाटे धावत आलं होतं. जाण्याआधी फेलिस्तानं मला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं. तिथं कापलेल्या पिंपात पाणी भरून कंद भिजत घातले होते. मुहोगो म्हणतात तिकडे. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच. तिनं पिंपाकडे बोट केलं, तीन बोटं दाखवली, मग भरभर काय काय सांगितलं. मी मान हलवली. "न्दियो, ममा." ती डोक्यावर गाठोडं घेऊन पळाली.

दुपारी पिठाच्या डब्यात हात घातला तर मक्याचं पीठ जेमतेम चार मुलांना पुरेल एवढं, आणि त्यातही अळ्या. मग मला पिंप आठवलं. आमच्या दवाखान्यात केरळच्या नर्सबाई होत्या. त्या हाच कंद उकडून मिरचीच्या चटणीबरोबर खायच्या, मलाही द्यायच्या. मला आनंदच झाला. तीन आठवड्यांत माझ्या हातून धड काही झालं नव्हतं. आज अठरा पोटं मी भरणार होते. मी कंद सोलले, फोडी केल्या, उकडल्या. चवीला जरा कडवट लागले. म्हणून मीठ-मिरची घालून भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी केली, म्हणजे कडवटपणा मरेल.

माझं स्वतःचं पोट आदल्या दिवसापासून बिघडलं होतं. मी दोन तुकडे खाल्ले आणि उठले.

*

तीनच्या सुमाराला सगळ्यांत धाकटा बराका ओट्याच्या कडेला जाऊन ओकला. उन्हाचं झालं असेल असं वाटून मी त्याला पाणी पाजलं. तेही उलटून पडलं. त्याला आडवं करेपर्यंत दोन मुली डोकं धरून बसल्या. मग एक मुलगा भिंतीला धरून चालताना दिसला, दारू प्यायल्यासारखा. मी वळून बघितलं तर अंगणभर मुलं वाकलेली, बसलेली, कुणी ओकतंय, कुणी रडतंय. माझंही डोकं गरगरत होतं.

"झवादी कुठंय?" मी विचारलं.

ती वर्गात होती. बाकाखाली कुशीवर पडलेली. धापा टाकत होती, लांबून पळत आल्यासारख्या. मी हाक मारली. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं, की तिला उचलून मी रस्त्याकडे पळत सुटले. वसतिगृहापासून मोठा रस्ता पाव मैलावर. मोठ्या मुलींना, ज्या कशाबशा उभ्या होत्या, ओरडून सांगितलं, लहानांना घेऊन या. मराठीत ओरडले. त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक, पण त्या आल्या. एकमेकींना धरत, बराकाला झोळीत घालून.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्या रस्त्यानं दिवसाला पाच-सहा गाड्या जायच्या. लाल धुळीत मी पोरीला मांडीवर घेऊन बसले. तिचा श्वास मोजत होते. प्रत्येक श्वासानंतर वाटायचं, पुढचा येतो की नाही. देवाला मी काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही. सौदाच करत होते; हिला ठेव आणि मला ने, असलं काहीतरी. आणि मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, याची मला आजही लाज वाटते, मी मंडळीचा विचार करत होते. तिकडे कळलं तर काय म्हणतील.

धूळ उडवत एक ट्रक आला. काजूच्या पोत्यांनी खच्चून भरलेला. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ड्रायव्हर खाली उतरला. पांढरी दाढी, डोक्यावर नक्षीची गोल टोपी. नंतर कळलं, सईदी त्यांचं नाव. सगळे त्यांना मझे सईदी म्हणायचे, म्हणजे सईदीबाबा. त्यांनी मुलांवर एक नजर फिरवली.

"काय खाल्लं?"

हा प्रश्न मला कळला. "मुहोगो," मी म्हणाले.

"कुठला? भिजवलेला?"

मी एक बोट वर केलं. एक दिवस.

त्यांनी कपाळावर हात मारला. "सुमू!" ते म्हणाले. "सुमू!"

तो शब्द माझ्या कानावरून गेलेला होता. सकाळी. पडवीत, पिंपाशी. फेलिस्तानं तो दोनदा उच्चारला होता आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला होता. पुस्तकात तो शब्द नव्हता. पण आता त्याचा अर्थ कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

मझे सईदी मागच्या फळीवर चढले आणि त्यांनी पोती खाली टाकायला सुरुवात केली. त्यांचा स्वतःचा माल होता की दुसऱ्याचा, मी विचारलं नाही. वीस-पंचवीस पोती रस्त्याच्या कडेला सोडून त्यांनी मुलांना वर चढवलं, झवादीला आणि मला पुढं घेतलं, आणि तो ट्रक असा हाकला की खड्ड्यागणिक माझं डोकं छताला आपटत होतं. वाटेत ते सारखे एकच म्हणत होते, "तिच्याशी बोल. बोलत राहा. झोपू देऊ नको." मी बोलत राहिले. काय बोलणार? स्वाहिली संपलं. मग मराठीत पाढे म्हटले. बे एके बे, बे दुणे चार. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत आले तेव्हा हॉस्पिटलचं फाटक दिसलं.

*

तिथले डॉक्टर म्पोंडा तरुण होते आणि त्यांनी असले रोगी आधी पाहिले होते. "कडू जातीचा मुहोगो," ते मला इंग्रजीत म्हणाले. "तीन-चार दिवस भिजवून, सुकवून, कुटून खायचा असतो. नाहीतर त्यात विष असतं. उकडून जात नाही." त्यांनी सगळ्यांना सलाईन लावलं, एका औषधाची चार इंजेक्शनं होती ती जास्त आजारी असलेल्या चौघांना दिली. झवादीला ऑक्सिजन लावला. दिवस मावळेपर्यंत चौदा मुलं उठून बसली होती आणि बराका भूक लागली म्हणून रडत होता. सकाळपर्यंत आणखी तिघं शुद्धीवर आली. झवादी उठली नाही.

"काय होईल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"श्वास सुधारलाय. पण मेंदूला किती वेळ प्राणवायू कमी पडला, ते ती उठल्यावर कळेल."

निरोप मिळताच, सकाळी नऊला पाद्री एलिया आले. जीप हॉस्पिटलच्या पायऱ्यांना जवळजवळ धडकवूनच थांबवली. उंच, शांत माणूस. त्यांना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी एकेका पलंगापाशी जाऊन मुलांच्या कपाळाला हात लावला, सतरा मुलं मोजली, अठरावीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग माझ्यासमोर येऊन बसले. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं.

"कुणी शिजवलं?"

"मी."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"फेलिस्तानं जाताना सांगितलं नाही?"

मी त्यांच्याकडे बघितलं. रात्रभर हा प्रश्न माझ्या उशाशी बसला होता. उत्तर मी ठरवलं नव्हतं, पण तोंडाला ते तयार सापडलं.

"मला कुणीच काही सांगितलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. "अठरा मुलं आणि नवखी मुलगी, आणि ती न सांगता निघून गेली," ते स्वतःशीच म्हणाले.  खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं.

दुपारपर्यंत आयाबाप यायला लागले. कुणी सायकलवर, बहुतेक पायी. व्हरांडा माणसांनी भरला. झवादीची आई आली. तिकडे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून सगळे तिला ममा झवादीच म्हणत. ती लेकीच्या पलंगाशी जमिनीवर बसली आणि तिनं पोरीचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. रडली नाही.

मग फेलिस्ता आली. नात झाली होती तिला, आणि त्या आनंदातच ती परत निघाली होती. अर्ध्या वाटेत कुणीतरी बातमी सांगितली. चौदा मैल चालून पाय धुळीनं लाल झाले होते. व्हरांड्यात पाऊल टाकताच बाप लोक तिच्या अंगावर धावले. एकानं तिच्या डोक्यावरचं गाठोडं ओढून फेकलं. शब्द मला कळत नव्हते, आवाज कळत होते. पाद्री मध्ये पडले.

"फेलिस्ता, तू हिला सांगितलं नाहीस?" त्यांनी माझ्यासाठी सावकाश विचारलं, त्यामुळे ते मला कळलं.

फेलिस्तानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, रागानं नाही, काही आठवताना पडतात तशा. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली. थोडं थांबली. "मला वाटतं मी सांगितलं होतं. घाई होती." पुन्हा थांबली. "कदाचित नसेन सांगितलं."

"आता स्वयंपाकघरात येऊ नकोस," पाद्री म्हणाले.

तिनं फेकलेलं गाठोडं उचललं. बाळासाठी शिवलेलं एक टोपडं त्यातून बाहेर आलं होतं, ते झटकून आत घातलं. आणि फाटकाबाहेरच्या काजूच्या झाडाखाली जाऊन बसली. घरी गेली नाही. झवादी उठेपर्यंत जाणार नव्हती.

*

झवादी उठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आधी बोटं हलली. मग तिनं मान वळवली आणि अगदी बारीक आवाजात पाणी मागितलं. डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं. बोटं किती, तेही सांगितलं. कप धरताना मात्र तिचे हात लटलट कापत होते, पाणी सांडलं.

व्हरांड्यात एकच गलका झाला. कुणीतरी गाणं सुरू केलं. आणि ममा झवादी उठली, माझ्याकडे आली आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. तिनं माझे दोन्ही हात धरले, आपल्या कपाळाला लावले. ती बोलत होती, आणि नवल असं, की या वेळी मला शब्द न् शब्द कळत होता. तू तिला उचलून पळालीस. तू ट्रक थांबवलास. देवानं तुला एवढ्या लांबून पाठवलं, नाहीतर त्या बाईनं माझं लेकरू मारलं असतं.

तिचे हात खरखरीत आणि गरम होते. खिडकीतून मला काजूचं झाड दिसत होतं आणि त्याखाली पाय पसरून बसलेली फेलिस्ता. आत गाणं चाललेलं तिला ऐकू आलं असावं. ती उठून उभी राहिली होती, एक पाऊल पुढे टाकून थांबली होती. आत यायची तिला हिंमत नव्हती.

मला वाटलं, आता मान हलवली की संपलं. सगळे मला तेच म्हणतील जे हिनं म्हटलं. मंडळीच्या मासिकात येईल. दोन वर्षं सुखानं जातील. आणि ती बाई मरेपर्यंत आठवत राहील, सांगितलं होतं की नव्हतं.

"ममा," मी म्हणाले. मग मोठ्यानं, पाद्रींनाही ऐकू जाईल असं. स्वाहिलीतच, कारण ते तिथल्या सगळ्यांना कळायला हवं होतं. "फेलिस्तानं सांगितलं. सुमू म्हणाली. मला कळलं नाही. मी हो म्हणाले."

गाणं थांबलं.

"झवादीनं पण सांगितलं. मी तिला गप्प केलं."

एवढंच. भाषा येत असती तर मी आणखी पुष्कळ बोलले असते. मी नवीन आहे, पीठ संपलं होतं, मुलं उपाशी होती, माझा हेतू चांगला होता. मराठीत मी तासभर बोलले असते आणि शेवटी सगळ्यांना माझीच कीव आली असती. सबबी सांगायला जे शब्द लागतात ते माझ्याकडे नव्हते. जे घडलं तेवढ्यापुरतेच होते.

ममा झवादीनं माझे हात सोडले. आपले हात तिनं कमरेच्या कापडाला पुसले, नीट, एकेक करून. मग लेकीच्या पलंगाच्या पलीकडे जाऊन ती माझ्याकडे पाठ करून बसली.

पाद्री एलिया माझ्या शेजारी येऊन बसले. "सकाळी तुम्ही मला वेगळं सांगितलंत," ते इंग्रजीत म्हणाले.

"हो."

"का?"

"भीती वाटली."

ते उठले, बाहेर झाडाखाली गेले. फेलिस्ताशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी मागोमाग गेले. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. तशी माणसं गोष्टींत असतात. फेलिस्तानं माझ्या दंडाला धरून मला गदागदा हलवलं. पाद्रींना मध्ये थांबून तिचं बोलणं मला सांगावं लागलं.

"तीस वर्षं मी चुलीशी आहे," ती म्हणत होती. "आज सकाळपासून मी डोकं फोडून आठवतेय. मला माझेच शब्द ऐकू येत होते आणि मी म्हणत होते, नाही, बाई, तू म्हातारी झालीस, तुला भास होतोय. मुलं तूच मरणाच्या दारात नेलीस, असं मी स्वतःलाच म्हणत होते. पोरी, तू माझं डोकं माझ्यापासून काढून घेतलंस. कळत नव्हतं तर मान का हलवलीस?"

 मला हसतील, म्हणून. आजही याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

*

पुढच्या रविवारी आयाबापांची सभा भरली. मला परत पाठवायचं असंच बहुतेकांचं मत होतं आणि पाद्रींनी आमच्या मंडळीला तसं पत्रही लिहून ठेवलं होतं. मी पेटी भरली होती. तिघांनी मुलं काढून नेली होती, त्यात झवादी होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर फेलिस्ता उठली; पाद्रींनी तिला चुलीशी परत बोलावलं होतं. ती माझ्याशी त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती.

"ही गेली तर दुसरी कुणीतरी येईल," ती म्हणाली. "तीही मान हलवेल. हिला निदान आता माहीत आहे."

कुणी हसलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. पण पत्र गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला स्वयंपाकघरात उभं केलं. काही सांगितलं की म्हणायची, आता तू सांग, मी काय म्हणाले. मी माझ्या मोडक्या शब्दांत सांगायची. चुकलं की ती पुन्हा सांगायची, मी पुन्हा म्हणायची. मुलं खिदळत. हसू दिलं. सहा महिन्यांत मला लिटेंग्याची बोलीसुद्धा यायला लागली. दोन वर्षांसाठी गेलेली मी तिथं अकरा वर्षं राहिले.

झवादीच्या हातांचं कापणं पाच-सहा महिन्यांत थांबलं. पण तिच्या आईनं तिला परत शाळेत पाठवलं नाही. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी मी त्यांच्या घरी जायची. ममा झवादी मला बसायला चटई द्यायची, पाणी द्यायची, आणि नाही म्हणायची. झवादी अंगणात धान्य कुटताना दिसायची, दर वर्षी थोडी उंच झालेली. मला बघून आत जायची. ती वाचायला शिकली नाही. हे माझ्यामुळे झालं, आणि यात काही भर घालून ते हलकं करता येत नाही.

पाचव्या वर्षी, शाळा सुरू झाल्यावर आठवड्यानं, मी वर्गात असताना फाटकाशी ममा झवादी दिसली. तिच्या हाताला धाकटी मुलगी होती, रेहेमा, सहा वर्षांची. ती माझ्याशी बोलली नाही. मुलीला वर्गाच्या दारातून आत ढकललं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. फेलिस्ता रांधत होती, ती बघत होती. जेवणाच्या वेळी तिनं फेलिस्ताच्या हातून पळी घेतली, पातेल्यातलं थोडं तळहातावर घेऊन चाखलं, आणि मगच रेहेमासमोर ताटली ठेवली. मुलगी जेवून होईपर्यंत थांबली, मग टोपली डोक्यावर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी मुलं ओट्यावर बसली, प्रार्थना झाली, तरी ती आली नव्हती. मी फाटकाकडे बघत उभी राहिले. उशीर झाला असेल, येईल. रेहेमानं एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि जेवायला सुरुवात केली.